एस्कलेट झालं की केलं?

बाबांना मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी नव्या चपलेने त्यांच्या डाव्या पायाला जरासं लागलं, त्यांनी आठ दिवस घरात कुणाला सांगितलं नाही, आणि जखम चिघळली. मग हॉस्पिटल, अकरा दिवस तिथला मुक्काम, घरी आल्यावर रोजचं ड्रेसिंग आणि सगळ्यात शेवटी आरोग्यविम्याचा दावा. जखम तीन महिन्यांत भरली. दावा तिथेच होता. आम्ही मेल पाठवत होतो, पलीकडून आभार मानले जात होते. चौथ्या स्मरणपत्राला मात्र वेगळं उत्तर आलं, एका ओळीचं: ‘युअर कन्सर्न हॅज बीन एस्कलेटेड.’

आईने फोन माझ्यासमोर धरला.

“म्हणजे काय गं हे?”

“वर पाठवलंय म्हणे.”

“वर कुठे?”

“वरिष्ठांकडे असेल.”

“कुणी पाठवलं?”

मी पुन्हा मेल वाचला. कुणी पाठवलं ते लिहिलेलं नव्हतं. कुणाकडे पाठवलं तेही नव्हतं. एक क्रियापद होतं आणि ते एकटंच उभं होतं. आईने फोन परत घेतला आणि म्हणाली, “वर पाठवलं म्हणजे संपवलंच की मग.”

माझी पंचाईत अशी, की हा शब्द मला चांगला माहीत असायला हवा होता. कॉलेज संपल्यावर तीन वर्षं मी हिंजवडीतल्या एका कॉल सेंटरमध्ये काम केलंय आणि ‘एस्कलेट’ हे क्रियापद दिवसातून तीस-चाळीस वेळा उच्चारलंय. आमच्याकडे भिंतीवर ‘एस्कलेशन मॅट्रिक्स’ लावलेलं असायचं. एल-वन, एल-टू, एल-थ्री. कुठली तक्रार किती तासांत कुठल्या पायरीवर जायला हवी त्याचा तक्ता. आम्ही एल-वन, म्हणजे तळातले. आमचं लिखित काम होतं तक्रार सोडवणं. अलिखित काम होतं ती वर जाऊ न देणं, कारण तुमच्या नावावर जितकी एस्कलेशन्स जास्त तितका महिन्याचा स्कोअर कमी. फारच चिडलेला माणूस असला की आम्ही स्क्रीनवरच्या एका ड्रॉपडाउनमधून एक पर्याय निवडायचो आणि फोनवर म्हणायचो, ‘सर, आय हॅव एस्कलेटेड इट.’ समोरच्याचा आवाज लगेच अर्धा उतरायचा. त्याला वाटायचं, आपली तक्रार आता मोठ्या काचेच्या केबिनमध्ये, मोठ्या साहेबाच्या टेबलावर जाऊन पडली. प्रत्यक्षात ती त्याच मजल्यावर, पाण्याच्या कूलरपलीकडच्या रांगेत बसणाऱ्या पाच जणांकडे जायची. ते आमच्याच वयाचे होते. त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त अधिकार होता तो एवढाच, की त्यांना फोन घ्यावे लागत नसत.

तेव्हा मला यात गैर काही वाटलं नाही. आईच्या ‘कुणी पाठवलं?’ने वाटलं. म्हणून हा शब्द कुठून आला ते शोधत गेले, आणि एका जिन्यावर पोचले.

इंग्रजीत आधी ‘एस्कलेटर’ आला आणि क्रियापद त्याच्या मागून. लॅटिनमध्ये स्काला म्हणजे शिडी. त्यावरून ‘एस्कलेटर’ हे नाव चार्ल्स सीबर्गर या अमेरिकन संशोधकाने आपल्या सरकत्या जिन्यासाठी तयार केलं. ओटिस कंपनीने बनवलेला हा जिना १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला आणि त्याला बक्षीसही मिळालं. त्याआधी १८९६ साली जेसी रेनो या दुसऱ्या अमेरिकनाने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर असंच एक यंत्र बसवलं होतं, तेही जत्रेतल्या पाळण्यासारखं, गंमत म्हणून बसायला. लंडनच्या हॅरॉड्स दुकानात १८९८ साली सरकता पट्टा बसवला, तेव्हा वर पोचलेल्या गिऱ्हाइकांचा जीव ठिकाणावर यावा म्हणून त्यांना ब्रँडी दिली जात असे. दादर स्टेशनवर सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी साडीच्या निऱ्या उचलून, एक पाय पुढे-मागे करत थांबणाऱ्या बायका रोज दिसतात. त्यांना हसणाऱ्यांनी ही ब्रँडी लक्षात ठेवावी.

‘एस्कलेटर’ हा सुरुवातीला कंपनीचा ट्रेडमार्क होता. लोक कुठल्याही सरकत्या जिन्याला तेच म्हणू लागले, खुद्द कंपनीही तो शब्द सामान्यनामासारखा वापरू लागली, आणि १९५० साली अमेरिकेत तो हक्क गेला. क्रियापदाचं जन्मवर्ष साधारण १९२२ सांगतात. ‘एडिटर’मधून जसं ‘एडिट’ निघालं, ‘टेलिव्हिजन’मधून ‘टेलिव्हाइज’, तसं हे मागच्या पावलाने निघालेलं क्रियापद, आणि त्याचा अर्थ अगदी साधा होता: सरकत्या जिन्याने वर जाणे. तणाव नाही, युद्ध नाही, तक्रार नाही. दुकानात दुसऱ्या मजल्यावर चप्पल बघायला जाणे.

गंमत म्हणजे शिडीवाला आणि लढाईवाला अर्थ युरोपीय भाषांत फार आधीपासून होता, फक्त वेगळ्या शब्दात. ‘एस्कलेड’ म्हणजे तटाला शिड्या लावून किल्ल्यावर चढणं. जिनिव्हा शहरात डिसेंबर १६०२ मध्ये सॅव्हॉयच्या ड्यूकचं सैन्य रात्री असंच शिड्या लावून चढलं आणि मार खाऊन परतलं. तो दिवस तिथे अजून ‘एस्कलाद’ म्हणून साजरा होतो. गडांच्या मुलखात वाढलेल्यांना हे समजावायला नको. आपल्या बखरींतला ‘सुलतानढवा’ म्हणजे किल्ल्यावर थेट चाल करून जाणं, याच घरातला. ह्या चढाईत कोण चढलं हे नेहमी ठाऊक असतं. शिडीवर माणूस असतो, त्याचे हातपाय चालतात, वरून दगड पडतात, आणि पडला तर तो कोण होता ते नंतर विचारलं जातं.

सरकत्या जिन्यावर तसं नसतं. तिथे तुम्ही उभे राहता आणि वर जाता.

माझं म्हणणं असं, की ‘एस्कलेट’ या एका शब्दात ही दोन्ही चित्रं दडलेली आहेत, शिडी आणि सरकता जिना; आणि वापरणारा आपल्या सोयीने हवं ते पुढे करतो. दुसऱ्याबद्दल बोलताना शिडी: ‘त्यांनी एस्कलेट केलं.’ स्वतःबद्दल बोलताना जिना: ‘परिस्थिती एस्कलेट झाली.’

हा शब्द दुकानातून युद्धात गेला तो शीतयुद्धात, साधारण १९५९च्या सुमारास. छोटी, स्थानिक लढाई हळूहळू अणुयुद्धापर्यंत कशी जाईल, या भीतीला नाव हवं होतं. ते मिळालं आणि लवकरच त्यावर अख्खं पुस्तक आलं. हर्मन कान हा अमेरिकन रणनीतिकार आधी रँड कॉर्पोरेशनमध्ये होता. १९६१ साली त्याने हडसन इन्स्टिट्यूट काढली. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६४च्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मधला तो विक्षिप्त शास्त्रज्ञ ज्यांच्यावरून सुचला असं म्हणतात, त्यांत कानचं नाव असतंच. त्याचं ‘ऑन एस्कलेशन’ १९६५ साली आलं. त्यात युद्धाची ४४ पायऱ्यांची शिडी आहे. पहिल्या पायरीवर वरवरचा पेचप्रसंग, चव्वेचाळिसाव्यावर सगळी शस्त्रं भान हरपून एकदम सोडून देणं. अण्वस्त्राचा पहिला वापर पंधराव्या पायरीवर येतो. म्हणजे अणुबाँब पडल्यावरही वर २९ पायऱ्या शिल्लक!

कानवर टीका करणं सोपं आहे आणि पुष्कळांनी केली. त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र म्हणायला हवी. त्याची शिडी खरोखर शिडी होती. प्रत्येक पायरीवर कुणीतरी थांबून निर्णय घेतो, हवं तर खालीही उतरतो, असं त्याला म्हणायचं होतं. हे रूपक आहे हे त्याने लपवलं नाही, पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘मेटाफर्स’ हा शब्द घातला. पण शब्द वाचकांच्या हाती गेला तो यंत्राचा इतिहास पोटात घेऊन. व्हिएतनाममध्ये १९६४च्या अखेरीस सुमारे २३ हजार अमेरिकन सैनिक होते, वर्षभरात ते एक लाख ८४ हजारांच्या आसपास गेले आणि १९६८च्या अखेरीस पाच लाख ३६ हजार झाले. यातला प्रत्येक आकडा कुणीतरी सही करून वाढवलेला. तरी त्या वर्षांबद्दलच्या लिखाणात ‘युद्ध एस्कलेट होत गेलं’ हे वाक्य किती सहज येतं! युद्ध झालं कर्ता, आणि सही करणारा हात वाक्याबाहेर.

आता व्याकरणाकडे वळू. घाबरू नका, दहावीपर्यंतचंच आहे.

इंग्रजीत ‘एस्कलेट’ सकर्मकही आहे आणि अकर्मकही, आणि दोन्हींचं रूप एकच. वाद ‘एस्कलेट’ होतो तोही एस्कलेटेड, मी वाद ‘एस्कलेट’ करते तोही एस्कलेटेड. इंग्रजीत सगळीच क्रियापदं अशी नाहीत. उठणाऱ्याचं ‘राइज’ आणि उठवणाऱ्याचं ‘रेज’ वेगळं ठेवलंय त्यांनी. पण अशा जोड्या तिथे मोजक्याच. मराठीत हा भेद जागोजागी आहे. वाढणं आणि वाढवणं. पेटणं आणि पेटवणं. तापणं आणि तापवणं. भडकणं, भडकवणं. चढणं, चढवणं. त्या एका ‘व’ने मराठी बोलणाऱ्याला वाक्य संपायच्या आत ठरवायला लावलंय: हे आपोआप झालं की कुणी केलं? ‘त्याचा आवाज चढला’ आणि ‘त्याने आवाज चढवला’ ही दोन वेगळी भांडणं आहेत. पहिल्यात त्याला माफी आहे, दुसऱ्यात नाही. म्हणून तर कुठल्याही खिडकीवरचा माणूस आपल्याला सांगतो, ‘आवाज चढवू नका’; ‘तुमचा आवाज चढतोय’ म्हणत नाही.

आणि आपण ‘एस्कलेट’ उसना आणला तेव्हाही मराठीने त्याला तसाच आत घेतला नाही. नुसतं ‘एस्कलेटलं’ म्हणून चालत नाही. मागे काहीतरी लावावं लागतं: एस्कलेट झालं किंवा एस्कलेट केलं. पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसच्या चहाच्या टपरीवर उभे राहा आणि ऐका. ‘मॅटर एस्कलेट झालंय रे’ म्हणणारा आणि ‘तिने मॅटर एस्कलेट केलंय’ म्हणणारा यांच्या टीम वेगळ्या असतात. हे ऐकू येतं, पण इंग्रजी मेलमध्ये गेलं की पुसलं जातं. (‘मी हे एस्कलेट करीन’ ही धमकी शाळेतल्या ‘बाईंना नाव सांगेन’चीच पगारी आवृत्ती आहे, हे जाता जाता.)

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मराठी प्रामाणिक आणि इंग्रजी लबाड असा लेख चाललाय. तसं असतं तर सोपं होतं. मराठीने एक दार लावून घेतलं तर दुसरं उघडं ठेवलंय, आणि त्या दाराचं नाव आहे ‘लागणे’.

‘लागणे’ हे निष्पाप क्रियापद आहे. भूक लागते, ठेच लागते, बाबांच्या पायाला चपलेने लागतं. यांत कुणाचा दोष नसतोच. पण वर्तमानपत्रात शिरलं की ते काय करतं पाहा. ‘आंदोलनाला हिंसक वळण लागले.’ हे वाक्य न वाचलेला मराठी माणूस नसेल. लावलं कुणी? घरात मुलांना वळण लागत नाही, ते लावावं लागतं, आणि कुणी लावलं किंवा कुणी लावलं नाही हे सगळ्या नातेवाइकांना पाठ असतं. आंदोलनाचं वळण मात्र आपोआप लागतं, रस्त्याला असावं तसं. मग पुढचं वाक्य: ‘पोलिसांना लाठीमार करावा लागला.’ इथे पोलीस कर्त्याच्या जागेवरून उतरून ‘ना’ प्रत्यय लावून बाजूला उभे राहिलेत; लाठी त्यांच्या हातात आहे पण वाक्य त्यांच्या हातात नाही. लाठीमार पुन्हा ‘सौम्य’ असतो. तो किती सौम्य होता हे ज्याला लागलं त्याला कुणी विचारत नाही.

याच बातमीत एक पक्ष असा असतो ज्याला सकर्मक क्रियापद हमखास मिळतं. ‘आंदोलन तीव्र करण्याचा इशारा.’ कांद्याचा भाव असो, अंगणवाडी सेविकांचं मानधन असो, पाण्याची पाळी असो, वाक्य तेच. तीव्र ‘करणारे’ नेहमी रस्त्यावर बसलेले. ज्यांच्या टेबलावर फाइल पडून राहिली त्यांच्या बाजूला फक्त अकर्मक: प्रश्न रेंगाळला, चर्चा फिसकटली, वाद चिघळला. मी काही आकडेवारी काढलेली नाही. पण आठवडाभर आपल्या फोनवरच्या बातम्या क्रियापदांकडे बघत वाचा. ज्यांच्याकडे अधिकार कमी त्यांना कर्तेपण मिळतं, ज्यांच्याकडे जास्त त्यांना परिस्थिती मिळते. मला तरी असं दिसलंय.

२००४ सालचा ‘अँकरमन’ हा विनोदी सिनेमा न पाहिलेल्यांनीही त्यातलं एक मीम नक्की पाहिलंय, ज्यात प्रकरण बघता बघता किती वर गेलं याचं आश्चर्य व्यक्त होतं आणि त्यासाठी हेच क्रियापद वापरलेलं आहे. मीममध्ये दिसत नाही ते असं, की ते वाक्य बोलणारा माणूस प्रेक्षक नाही. तो वृत्तनिवेदक आहे आणि नुकताच दुसऱ्या वाहिन्यांच्या लोकांशी भर रस्त्यात तुंबळ मारामारी करून आपल्या कचेरीत परतलाय. म्हणजे स्वतः भांडण वाढवून ‘अरेच्चा, वाढलंच की!’ म्हणणारा. हा विनोद आपण व्हॉट्सअॅपवर पाठवताना अर्धाच पाठवतो.

तो विनोद पूर्ण रूपात मला मे २०२५ मध्ये आठवला. ७ मेला भारताने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या ठिकाणांवर हल्ले केले आणि जे पहिलं सरकारी निवेदन निघालं त्यात कारवाईचं वर्णन ‘फोकस्ड, मेझर्ड अँड नॉन-एस्कलेटरी’ असं होतं. हे विशेषण तुमच्या-माझ्यासाठी नव्हतंच. ते पलीकडच्या लष्करासाठी आणि परदेशी राजधान्यांसाठी होतं: आम्ही या पायरीवर थांबलोय, पुढची पायरी तुमची. म्हणजे कानची शिडी, साठ वर्षांनी, सरकारी भाषेत. युद्धात अशा शब्दाचा उपयोग असतो हे मी मान्य करते. समोरच्याला थांबायला जागा देणारा शब्द वाईट म्हणता येणार नाही. पण त्याचा मराठी करून बघा. ‘तणाव न वाढवणारी कारवाई’? असं म्हटलं की मराठी कान लगेच विचारतो, न वाढवणारी हे ठरवलं कुणी, ज्याने केली त्याने की ज्याच्यावर झाली त्याने? आणि त्याच संध्याकाळी आपल्या वाहिन्यांवर काय चाललं होतं? पार्श्वभूमीला हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवत निवेदक सांगत होते, की सीमेवर वातावरण तापलंय. शेवटी कार्यक्रमांत ते भोंगे वाजवू नका, अशी सूचना सरकारला काढावी लागली. (बघा, मीसुद्धा ‘काढावी लागली’ लिहिलं. सवय लवकर जात नाही.) तापवणारा ‘तापलंय’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. फक्त एक ‘व’ गाळत असतो.

‘एस्कलेट’ला मराठी प्रतिशब्द काय, असं कुणी विचारलं तर लोक ‘तीव्र होणे’, ‘विकोपाला जाणे’ सांगतात. ‘विकोप’ मला आवडतो. त्यात ‘कुप्’ धातू आहे, कोप आणि प्रकोपवाला, आणि ही सगळी वैद्यकाच्या वापरातली माणसं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणांवरच्या एका अध्यायात दोष वाढत जाण्याच्या सहा अवस्था दिल्या आहेत: संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद. आधी साठतं, मग खवळतं, पसरतं, एका जागी ठाण मांडतं, रोग म्हणून उघड होतं आणि शेवटी फुटतं. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ हा सूर मला लावायचा नाही. त्या वैद्यकाने बाबांचा पाय वाचला असता का हा प्रश्नही इथला नाही, त्यांना अँटिबायोटिक्सनी वाचवलं. मला त्या यादीच्या नावाशी काम आहे. या सहा अवस्थांना एकत्र म्हणतात ‘क्रियाकाल’. म्हणजे उपचार करण्याच्या वेळा. कानची शिडी प्रत्येक पायरीवर सांगते, की आता तुम्ही समोरच्याला काय करू शकता. ही यादी प्रत्येक अवस्थेला विचारते, की आता तुम्ही यावर काय करणार आहात. वाढ तीच आहे. फक्त बघणारा कुठे उभा आहे ते बदललंय.

आणि याच जखमांच्या मुलखातला आपला शब्द आहे ‘चिघळणे’. माझ्या मते वाढत जाण्यासाठी मराठीत इतकं अचूक क्रियापद दुसरं नाही. त्यात वर जाणं नाही. पायऱ्या नाहीत, शिखर नाही, वेग तर नाहीच. चिघळतं ते जागच्या जागी, आत, ओलं राहून. आणि ते वाढतं याचं कारण कुणी वाढवलं हे नसून कुणी बघितलं नाही हे असतं. बाकीच्या क्रियापदांसारखं त्याला ‘चिघळवणे’ हे रूप आहेच. पण खरी कमाल आहे ती आपण बोलताना सहज वापरतो त्या तिसऱ्या रूपात: चिघळत ठेवणे. काही न करता केलेली कृती. पेटवणाऱ्याला निदान काडी लावावी लागते. चिघळत ठेवणाऱ्याला फक्त ड्रॉवर बंद ठेवायचा असतो.

इंग्रजीत हे म्हणताच येत नाही असं नाही. ‘फेस्टर’ आहे आणि तो जखमेचाच शब्द आहे. पण कुठल्या ऑफिसच्या मेलमध्ये ‘युअर कन्सर्न हॅज बीन लेफ्ट टू फेस्टर’ आलेलं मी पाहिलेलं नाही. तिथे ‘एस्कलेटेड’ येतं. आता मागे वळून बघते तेव्हा कॉल सेंटरमधल्या त्या ड्रॉपडाउनचं काम मला समजतं. तक्रार चिघळत असते आणि पडद्यावर ती वर चाललेली दिसते. ज्याने फोन केलाय त्याला गती दिसते, वाटतं, हलतंय काहीतरी. मी अशा किती लोकांना त्या जिन्यावर उभं केलं असेल, मोजलं नाही. एक आजोबा दर मंगळवारी फोन करायचे आणि पहिल्यांदा विचारायचे, ‘बेटा, किस फ्लोअर पे पहुँचा मेरा केस?’ आम्ही म्यूट करून हसायचो. त्यांना हा शब्द आमच्यापेक्षा नीट कळला होता.

विमा कंपनीने महिनाभरात तक्रारीचं उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आमचे चार महिने झाले होते. त्याआधी कंपनीला एक शेवटचं पत्र द्यायचं ठरलं आणि ते मराठीतच द्यायचं असं मी ठरवलं, काहीशा हट्टाने. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लिहायला बसले. तारखा, पॉलिसी नंबर, बिलांची बेरीज, आधीच्या मेलचे दिनांक. खाली लिहिलं: ‘त्यामुळे हा दावा चार महिन्यांपासून चिघळला आहे.’ आईला वाचून दाखवलं.

“चिघळला काय?” ती म्हणाली. “आपोआप चिघळला का? यांनी चिघळत ठेवला. तसं लिही.”

मी ‘आपण हा दावा चार महिने चिघळत ठेवला आहे’ असं केलं. वाक्य एकदम अंगावर येणारं झालं, सरकारी पत्रात शोभेल की नाही अशी शंका आली, पण ठेवलं.

बाबा आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडले होते. झोपलेत असं आम्हाला वाटलं होतं. पेपरमागून म्हणाले, “माझी जखमसुद्धा काही आपोआप नव्हती चिघळली. मीच ठेवली होती चिघळत. आठ दिवस.”

आई काही बोलली नाही. तिने त्यांच्या पायाखालची उशी नीट केली. मी पत्राच्या दोन प्रती काढल्या, आणि सोमवारी एक स्पीड पोस्टने पाठवली.